तिरकमठ्याच्या मुलखातून

भद्रावती येथील स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी येणारी कुटुंबे सहसा एक दिवस जास्तीचा काढून येतात. सेवा-पूजा झाली, भोजनशाळेतील भोजन झाले की मुले ताडोब्याचा हट्ट धरतात आणि मोठ्यांनाही तो मनातून हवाच असतो. भद्रावतीहून चंद्रपूर जेमतेम २५ किलोमीटर. शहर ओलांडून मोहर्लीच्या रस्त्याला लागले की वाघ दिसण्याच्या कितीतरी आधी दिसतात त्या औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या. त्यांच्या पायथ्याशी वसलेली कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणजे ऊर्जानगर. यात्रेकरूंच्या गाड्या येथे थांबत नाहीत. थांबण्यासारखे काही येथे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते.

वस्तुतः या मुलखाचे सारे कोडे याच वळणावर उभे आहे. एका बाजूला २९२० मेगावॅट क्षमतेचे वीज केंद्र, त्याला पाणी पुरवणारे इरई धरण, दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी आणि खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर. त्या डोंगरांवर आता झुडपे माजली आहेत आणि झुडपांत बिबटे राहतात. दुसऱ्या बाजूला वसाहतीतील झाडांनी भरलेले रस्ते, शाळा, दुकाने, संध्याकाळी फिरायला निघणारे लोक. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्रातून रात्री घरी परतणारा एक कामगार वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडला आणि पाठोपाठ लगतच्या दुर्गापुरात एका किशोरवयीन मुलाला बिबट्याने उचलून नेले. अंधार पडू लागला की मुलांना घरात बोलावून घेण्याची येथील आयांची घाई शहरातील आयांसारखी नाही. त्या घाईला कारण आहे.

दोन-तीन पिढ्यांपूर्वी याच अरण्यपट्ट्यात माणूस आणि श्वापद यांची गाठ तिरकमठ्याच्या अंतरावर पडत असे. तिरकमठा म्हणजे धनुष्यबाण. अहिंसेचे संस्कार घेऊन वाढलेल्या वाचकाला शिकारीचा विषय वाचावासाही वाटणार नाही, हे स्वाभाविक आहे. तथापि, या प्रदेशात शिकार कशी होत होती आणि ती कशामुळे मागे पडली, हे समजून न घेता येथून वाघाचे छायाचित्र तेवढे घेऊन परतणे म्हणजे खातेवहीतील केवळ जमेची बाजू वाचण्यासारखे आहे.

ताडोबा हे नावच एका अपुऱ्या झुंजीतून आले आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख तळ्याकाठी वाघाशी लढताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी परंपरा आहे. त्याचे ठाणे तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली असून पौष महिन्यात आदिवासी बांधव तेथे दर्शनाला येत आले आहेत. पूजा झाली ती वाघाला मारणाऱ्याची नव्हे, वाघाकडून मारल्या गेलेल्याची. हा तपशील सफारीच्या घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे साहेब लोकांच्या बंदुका आल्या, मचाणे आली. ताडोब्यात शिकारीला बंदी झाली ती १९३५ साली. १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, महाराष्ट्रातील पहिले. नंतर अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प साकारला.

मोहर्लीच्या फाटकातून आत गेल्यावर गाडीतील सर्वांची नजर वाघाच्या पट्ट्यांना शोधत असते. मधे उभ्या असलेल्या प्राण्यांना सरसकट ‘हरीण’ म्हणून सोडून दिले जाते. वास्तविक त्यांची दोन कुळे आहेत. चितळ आणि सांबर हे सारंग कुळातील. त्यांच्या नरांची शिंगे भरीव, फांद्या फुटलेली आणि ठरावीक काळाने गळून नव्याने येणारी. नीलगाय, चौशिंगा, काळवीट, चिंकारा हे कुरंग कुळातील. त्यांची शिंगे आतून पोकळ, बिनफांद्यांची आणि जन्मभर टिकणारी. श्री शांतिनाथ प्रभूंचे लांछन असलेला मृग आपण देरासरात नित्य पाहतो, पण रानात त्याचे इतके भाऊबंद असतील याची कल्पना नसते. विदर्भात नीलगायीला रोही म्हणतात. चौशिंगा तर भारत आणि नेपाळ सोडून जगात कोठेही नाही. नराला चार शिंगे असतात, पुढची दोन अगदी बोटभर. तो कळपाने राहत नाही. एकटा, फार तर दोघे-तिघे. त्याला पाण्यावर वारंवार यावे लागते आणि लेंड्या टाकायलाही तो पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो. नेमक्या याच दोन सवयींनी त्याचा घात केला.

तो कसा, हे कळण्यासाठी वाघांचा रस्ता सोडून दक्षिणेकडे निघावे लागते. चंद्रपूरहून बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करीत आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १९८२ पर्यंत हा सारा एकच चांदा जिल्हा होता. बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे बांबूने भरलेल्या मालमोटारी येताना वाटेत भेटतात. आपल्या चोपड्यांचा कागद आणि माडियांचा कामठा यांचे मूळ एकाच बेटात आहे. आलापल्लीला उंच, सरळसोट सागाचे जंगल सुरू होते आणि तेथून भामरागडपर्यंत साग, ऐन, मोह, तेंदू यांचीच सोबत. चंद्रपूरपासून हे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम असणाऱ्यांनी शिदोरी बरोबर ठेवावी आणि पहाटे निघावे. पावसाळ्यात तर जाऊच नये. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भामरागडला एकत्र येतात आणि पूर आला की गाव जगापासून तुटते.

हा माडिया गोंडांचा प्रदेश. महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींपैकी ही एक. त्यांचा कामठा बांबूचा आणि पुष्कळदा त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची. पावसात सुती दोर भिजून सैल पडतो, तशी ही पट्टी पडत नाही. मोठ्या जनावरासाठी बाणाला लोखंडी पाते, पाखरांसाठी लाकडाचे बोथट टोक, मागे पिसे. असे हत्यार हातात आले म्हणजे शिकार सोपी झाली, हा मोठा गैरसमज आहे. बंदूक दूरवरून मारते. तिरकमठ्याला वीस-पंचवीस पावलांच्या आत जावे लागते. चैत्र-वैशाखात सागाची पाने गळून वाळलेली असतात आणि पाऊल ठेवले की कडाड् वाजतात. हरणाचे कान कोणत्याही दिशेला वळतात, नाक वाऱ्यावर असते. म्हणून माणसाने चालायचेच नाही. ओढे आटून डोह उरले की त्यांच्या काठी फांद्यांचा आडोसा करायचा, वारा आपल्याकडून पाण्याकडे जात नाही ना हे पाहायचे आणि पहाटेपासून निश्चल बसायचे. चौशिंगा पाण्यावर येणार, हे ठाऊक असते. कधी तो येतो, कधी येत नाही. आला तरी मान खाली घालीपर्यंत कामठा उचलता येत नाही.

दुसरा प्रकार हाक्याचा. पेरणीपूर्वी विज्जा पंडुम हा बियाण्याचा सण येतो आणि त्या सुमारास गावातील पुरुष मिळून पारधीला निघत. काहींनी रान उठवायचे, काहींनी नाक्यावर दबा धरायचा. पळत्या जनावरावर सोडलेला बाण क्वचितच जागेवर पाडतो. तो रक्त वाहवून मारतो. घायाळ जनावर कोसभर जाते आणि पानांवरचे थेंब पाहत माणसे तासन् तास त्याच्या मागे राहतात. ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही आणि सांगूही नये. मात्र जे हाती लागे, ते एका घराचे नसे. पाडणाऱ्याचा मान वेगळा, पण वाटा साऱ्या गावाचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांचाही. विकण्यासाठी शिकार नव्हती. रोजच्या ताटात काय असे? तांदळाची किंवा कोसरीची पातळ पेज, रानातील कंद, मोहफुले, आंबाडी. ताटातील रितेपण एवढे होते की उंदीर, माकड, मुंग्या यांपैकी काहीही वर्ज्य नव्हते.

याच्या अगदी उलट टोक अमेरिकेत पाहायला मिळते. तेथील वायोमिंगसारख्या राज्यांच्या गवताळ माळांवर प्रॉन्गहॉर्न नावाचा, कुरंगासारखा दिसणारा प्राणी आहे. पृथ्वीवरील अतिवेगवान प्राण्यांत त्याची गणना होते. तो कुरंगांचा सख्खा नव्हे. त्याची शिंगे पोकळ असली तरी त्यांवरचे आवरण दरवर्षी गळते. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथील हौशी मंडळी बंदूक बाजूस ठेवून साधे लाकडी धनुष्य घेतात, परवान्याचे शुल्क भरतात आणि पाणवठ्याकाठी खड्डा करून दिवसभर बसतात. पद्धत माडियांचीच. फक्त संध्याकाळी घरी भरलेला फ्रिज असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमर्याद कत्तलीमुळे काही हजारांवर आलेला हा प्राणी आज लाखांत आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांसाठी राखून ठेवले गेले आणि १९७२ मध्ये तो कर धनुष्यबाणांनाही लागू करण्याचे ठरले. शिकाऱ्याच्या खिशातून शिकारीच्या रक्षणाचा खर्च! हिशेब चोख आहे, यात शंका नाही. तो मनाला पटत नाही, ही बाब निराळी.

या हौशी धनुर्विद्येचे मूळ एका रुग्णात आणि एका डॉक्टरात आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा अखेरचा उरलेला पुरुष उपाशी अवस्थेत रानातून बाहेर आला. त्याचे खरे नाव कुणालाच कळले नाही. त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’, म्हणू लागले. त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून धनुष्य घडवायला, बाण सोडायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला आणि ती विद्या अमेरिकेतील सुखवस्तू लोकांचा छंद झाली. भुकेल्या माणसाचे हत्यार पोट भरलेल्यांच्या हाती गेले.

गडचिरोलीच्या रानात नेमके उलट घडले. तेथेही एक डॉक्टर होते.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहायला आले. ना वीज, ना रस्ता, ना भाषेची ओळख. डॉक्टरांना पाहून माडिया पळून जात. एके दिवशी काही शिकारी काठीला मारलेले माकड बांधून नेत होते आणि त्याचे जिवंत पिल्लू मेलेल्या आईला बिलगले होते. डॉक्टरांनी पिल्लाचे काय करणार, असे विचारले. त्याचेही तेच होणार होते. वाड्यातील पशूंचा आक्रोश ऐकून रथ माघारी वळवणाऱ्या नेमिकुमारांची कथा जैन घरातील प्रत्येक मूल ऐकत आलेले आहे. येथे मात्र उपदेशाला जागा नव्हती, कारण समोरची माणसे उपाशी होती. डॉक्टरांनी धान्य दिले आणि पिल्लू मागून घेतले.

पुढे निरोप फिरत गेला. आई मारली गेली तरी पिल्लू जिवंत आणा, बदल्यात धान्य मिळेल. बिबट्याचे, अस्वलाचे, हरणाचे बछडे येऊ लागले आणि दवाखान्याशेजारी प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. आजही ते पाहायला मिळते. पण त्याच्या अलीकडे असलेला दवाखाना आणि शाळा न पाहता पिंजऱ्यांकडे धावणाऱ्या पाहुण्यांना या गोष्टीचा अर्धाच भाग कळतो. शेतीचे नवे मार्ग, भाजीपाला, शाळेत गेलेली मुले, त्यांतून झालेले शिक्षक आणि डॉक्टर, या साऱ्यांनी मिळून कामठा भिंतीवर टांगला गेला. शिकार या रानातून पूर्ण हद्दपार झाली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. परंतु घरातील चूल तिच्यावर अवलंबून राहिली नाही. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

व्यापारी घरांतील वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, कारण या गोष्टीला आणखी एक सौदा जोडलेला आहे. हेमलकशाच्या आधी या भागात बाहेरचा माणूस म्हणून येत होता तो व्यापारीच. माडियांना मीठ लागे आणि रानात मीठ नाही. त्यांच्याकडे चारोळी असे, मध असे. मापट्याभर चारोळी ओतून घ्यायची आणि तेवढेच मीठ द्यायचे, असा हा देवघेवीचा व्यवहार होता. आपल्या मिठाईवर पसरलेल्या चारोळीचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवहारातील नफा वेगळा काढून दाखवण्याची गरज नाही. त्या व्यवहारात कोणाचा जीव गेला, असे कुणी म्हणणार नाही. रक्त कोठेच सांडलेले नव्हते. पण एका मापट्याने ताट रिकामे राहिले आणि रिकामे ताट रानात बाण घेऊन गेले. त्याच रानात, तसल्याच अदलाबदलीत, दुसऱ्या एका मापट्याने पिल्लू वाचले. दोन्ही सौदेच होते.

कायद्याने काय केले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला बंदी घातली. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जंगलावरील परंपरागत हक्क परत दिले आणि गडचिरोलीतीलच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत आले. ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला, तेव्हा बांबूला किती भाव असतो हे गावाला प्रथमच कळले. मात्र त्याच कायद्यात परंपरागत हक्कांची यादी देताना शिकार आणि सापळे लावणे हे स्पष्ट शब्दांत वगळले आहे. मोह घ्या, तेंदू घ्या, बांबू घ्या, कामठा नको. ग्रामसभांनी हे स्वीकारले. या त्यागाची नोंद कोणत्याही अहिंसा-संमेलनात झाल्याचे ऐकिवात नाही.

आणि त्याग एवढ्यावर संपलेला नाही. जंगल वाचले, हरणे वाढली, वाघ वाढले. चंद्रपूर जिल्ह्यात आज जंगलाबाहेरही वाघ राहतात. मोहफुले वेचायला पहाटे गेलेल्या बायका आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला वाकलेली माणसे त्यांच्या वाटेत येतात. नुकसान झाले की पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण एका रात्रीत रोह्यांच्या कळपाने खाल्लेला हरभरा पंचनाम्याने परत उगवत नाही. सौर कुंपणाला अनुदान आहे; ज्याच्याकडे स्वतःचा हिस्सा भरायला रोकड असते, त्याच्या शेताला ते आधी लागते, एवढे बँकेच्या दारात उभा राहिलेला कोणताही शेतकरी सांगेल.

परतीच्या वाटेवर मोहर्लीहून ऊर्जानगरकडे येताना हे डोळ्यांनी पाहता येते. सायंकाळची सफारी संपवून गाड्या ओळीने बाहेर पडतात. गाडीत वाघ दिसल्याचा आनंद असतो, नाही दिसला तर तिकिटाच्या पैशांची हळहळ. भद्रावतीला वेळेत पोहोचायचे म्हणून चालकाला घाई केली जाते. त्याच वेळी रस्त्याकडेच्या शेतांत माणसे उलट दिशेने जात असतात. खांद्यावर घोंगडी, हातात टॉर्च, एखाद्याकडे पत्र्याचा रिकामा डबा आणि काठी. बांबूच्या चार खांबांवर उभारलेल्या मचाणावर चढून ती रात्रभर बसणार. याला येथे जागल म्हणतात. रोही आली, रानडुक्कर आले की डबा बडवायचा, ओरडायचे आणि आवाज ऐकून दुसरे कोणी तर आले नाही ना, याकडे कान ठेवायचा. आजोबांनी ज्या जागी आडोशाला बसून हरणाची वाट पाहिली असेल, तेथेच नातू बसलेला असतो, ते येऊ नये म्हणून. मागे वीज केंद्राचे दिवे लागलेले असतात आणि पुष्कळशा मचाणांवर मात्र एक टॉर्च, तोही सेल वाचवण्यासाठी विझवलेला.